जत्रेला गेलेला घोटा

इंग्रजी ही भाषा जगात दोन कामांसाठी वापरली जाते : बोलण्यासाठी आणि पास होण्यासाठी. पहिलं काम करणारे लोक परदेशात राहतात. त्यांची परीक्षा कुणी घेत नाही, त्यामुळे त्यांचं इंग्रजी कितपत बरोबर आहे हे छातीठोकपणे सांगता येत नाही. दुसरं काम सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत फार वर्षांपासून निष्ठेने चालू आहे, आणि त्याचे निकाल दरवर्षी पेपरात छापून येतात.

या दुसऱ्या कामात नाथाजी निकम यांनी १९७४ साली जी कामगिरी बजावली, तिची सरकारदरबारी कुठेही नोंद नाही. (नोंद नसण्यामागे खुद्द निकम सरांनीही थोडे श्रम घेतले आहेत.)

निकम सर कातळवाडीच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये इंग्रजी शिकवत. कातळवाडी हे गाव वडूजच्या अंगाला. पश्चिमेकडून निघालेला पाऊस रहिमतपुरापर्यंत येतो, पुढचा रस्ता बघतो आणि परत फिरतो. त्या परत फिरण्याच्या जागेपासून गाव आणखी पाच कोसांवर. शाळेला सहा खोल्या, वर पत्रा, आणि संस्थेचे अध्यक्ष म्हणून निवृत्त सुभेदार लालासाहेब घार्गे. १९७३ च्या मार्चमध्ये शाळेतून एकेचाळीस मुलं अकरावीच्या, म्हणजे एस.एस.सी.च्या परीक्षेला बसली. इंग्रजीत सहा पास झाली. त्यातला एक नंबर छपाईच्या चुकीने आला होता असं पुढे कळलं, पण तोवर त्याचे पेढे खाऊन झाले होते.

जून महिन्यात सुभेदारांनी सरांना बोलावून घेतलं. खुर्ची दिली नाही.

"मास्तर, एकेचाळीस जवान फुडं गेले, सहा मागं आले. पलटणीत असं झालं असतं तर काय केलं असतं ठाव हाय?"

"आवं सुभेदारसाहेब, इंग्रजी विषय अवघड हाय..."

"मग चिनी सोपे व्हते व्हय?" सुभेदार म्हणाले. ते बासष्ट साली वर बर्फात होते, त्यामुळे या प्रश्नाला गावात कुणाकडेच उत्तर नसे. "येत्या मार्चला निम्मी पोरं पास करा. न्हाई जमलं तर दुसरं गाव बघा."

सर अजून कायम झालेले नव्हते. आठ वर्षांत हे त्यांचं चौथं गाव. त्यांच्या पत्नी शालूबाई यांनी कातळवाडीत आल्यापासून तीन दगडांवर स्वयंपाक चालवला होता. या गावात पक्की चूल घालायची की नाही, हे त्यांनी सरांच्या नोकरीकडे बघून राखून ठेवलं होतं. सरांना रोज भाकरी खाताना ते तीन दगड दिसत.

माणूस कोंडीत सापडला की शास्त्राकडे वळतो. सर जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसले आणि त्यांनी प्रथम लघुत्तरी प्रश्न हाताशी घेतले. आठवडाभराच्या अभ्यासानंतर त्यांना असं आढळून आलं, की उत्तर लिहिण्यासाठी उतारा समजण्याची आवश्यकता नसते. प्रश्नातला पहिला शब्द खोडायचा. उरलेल्यातला सर्वांत लठ्ठ शब्द निवडायचा. तो उताऱ्यात जिथे भेटेल तिथपासून पूर्णविरामापर्यंत जे असेल ते सुवाच्य अक्षरात उतरवायचं. या पद्धतीची कसोटी म्हणून सरांनी वर्गाला एक उतारा दिला. त्यातला दर तिसरा शब्द त्यांनी मनाने तयार केला होता आणि तो जगातल्या कुठल्याच भाषेत नव्हता. वर्गाला वीसपैकी सरासरी चौदा गुण पडले. खऱ्या उताऱ्याला तेरा पडले. या एका गुणाच्या फरकाचं कारणही सरांनी शोधून काढलं : खऱ्या उताऱ्यात मधूनच एखादा शब्द मुलाच्या ओळखीचा निघतो, मग तो थबकतो, विचार करू लागतो, आणि विचारासाठी प्रश्नपत्रिकेत वेळ धरलेला नसतो.

निबंधाचं काम याहून सोपं निघालं. गेल्या नऊ वर्षांत मंडळाने सत्तावीस विषय दिले होते. त्यांपैकी एकोणीस विषयांत उमेदवाराने कुठेतरी जाऊन परत यायचं होतं. कधी जत्रेला, कधी समुद्रकिनारी, कधी सर्कशीला, एकदा धरणावर. जाणं आणि येणं सगळीकडे सारखंच असतं. मध्ये जे दिसतं ते 'खूप सुंदर' असतं. तेव्हा सरांनी एकच निबंध तयार केला आणि जिथे जायचं त्या ठिकाणासाठी रिकामी जागा सोडली. ठिकाण प्रश्नपत्रिकेत छापलेलंच असतं. ते बघून त्या जागेत बसवायचं. मुलाला एकट्याने पाठवणं बरं दिसेना, म्हणून सरांनी त्याच्याबरोबर एक काका दिला. काका मिलिटरीत आहे असं लिहिलं. (हे सुभेदारांच्या डोळ्यांपुढे येईल अशा बेताने लिहिलं होतं.) काका प्रेमळ आहे, काका खाऊ घेतो, मग गर्दीत काका हरवतो, मुलगा रडतो, पोलीस काकाला शोधून देतो, आणि काका भेटल्यावर मुलाला अतिशय आनंद होतो. काका एकूण अकरा वेळा येत होता. एकूण बावीस वाक्यं. व्याकरणाच्या दृष्टीने कुठे बोट ठेवायला जागा नाही.

दिवाळीत सर सासुरवाडीला सांगलीला गेले, तेव्हा निबंध बरोबर नेला. तिथे एका टायपिंगच्या क्लासात आकाराम नावाचा टायपिस्ट होता. त्याचा वेग मिनिटाला पंचेचाळीस शब्द. इतक्या वेगात अर्थाला गाडीत चढायला सवड मिळत नाही. सरांचं अक्षर आकारामला लागेना, म्हणून सरांनी निबंध तोंडाने सांगितला आणि आकारामने तो सरळ स्टेन्सिलवर उतरवला.

आकारामचं सगळं इंग्रजी टायपिंगच्या सरावपुस्तकातून आलेलं होतं. त्या पुस्तकात डाव्या करंगळीने, म्हणजे 'ए' या अक्षराने, सुरू होणाऱ्या शब्दांचा एक धडा होता आणि त्यात 'अँकल' होता, म्हणजे पायाचा घोटा. 'अंकल', म्हणजे काका, त्या पुस्तकात नव्हता. नातेवाइकांचा धडाच नव्हता. आकारामने माहीत असलेला शब्द अकरा वेळा बडवला. सरांनी प्रत वाचून पाहिली. पण ती त्यांनी पाठ असलेल्या माणसाने वाचावी तशी वाचली, आणि सायक्लोस्टाइलवर छापून बांधून घेतली. चाळीस प्रती.

नोव्हेंबरपासून कातळवाडीत रोज सकाळी चाळीस मुलं एका सुरात निबंध म्हणू लागली. 'आय वेंट टु द फेअर विथ माय अँकल.' मी माझ्या घोट्याबरोबर जत्रेला गेलो. माझा घोटा मिलिटरीत आहे. माझा घोटा फार प्रेमळ आहे. गर्दीत माझा घोटा हरवला. मी मोठमोठ्याने रडू लागलो. एका पोलिसाने माझा घोटा शोधून काढला. घोट्याला पाहताच मला अतिशय आनंद झाला.

त्याला एक चालही आपोआप लागली. सुभेदार रस्त्याने जाताना थांबून ऐकत. 'मिलिटरी' हा शब्द आला की ते छाती थोडी पुढे काढत आणि मग पुढे जात.

चांगली गोष्ट एका गावात राहत नाही. आकारामने स्टेन्सिल जपून ठेवला होता आणि क्लासात येणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला तो नाही म्हणत नसे. जानेवारीपर्यंत निबंध सांगली, तासगाव, विट्यापर्यंत पोचला. रहिमतपूर आणि वडूजला हाताने उतरवलेल्या प्रती फिरू लागल्या. शिरवळला तो कसा गेला हे कळत नाही, बहुधा एस.टी.ने. प्रत्येक शिक्षकाने प्रत करताना निबंधात स्वतःची अशी एकच सुधारणा केली : वरचं नाव बदललं.

कातळवाडीच्या वर्गात हरणाबाई पुकळे नावाची मुलगी होती. सगळे तिला हरणा म्हणत. तिचा बाप सिद्धू मेंढरं राखायचा. त्यांच्या घरातली अकरावीपर्यंत पोचलेली ही पहिलीच. अकरावी झाल्यावर साताऱ्याला डी.एड.ला जायचं आणि मास्तरीण व्हायचं, असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. शाळेच्या कपाटात एक इंग्रजी-मराठी शब्दकोश होता. तो हरवू नये म्हणून कुणालाच दिला जात नसे. फेब्रुवारीत कपाट पुसायचं काम हरणाकडे आलं, आणि कोश पुसता पुसता तिने तो उघडला.

परीक्षेला बारा दिवस राहिले असताना ती शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"सर, एक इचारू?"

"इचार."

"आपल्या निबंधातला काका... त्यो काका न्हाई सर. त्यो घोटा हाय."

"काय घोटा?"

"पायाचा." तिने पाय थोडा पुढे करून दाखवला.

सरांनी कोश बघितला. मग आपली प्रत बघितली. मग परत कोश. खोलीत दुसरं कुणी नव्हतं ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट होती. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बी.ए.ला इंग्रजी घेतलेला माणूस, आणि चार महिने चाळीस मुलांचे घोटे जत्रेत हरवतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वर्गात चूक कबूल केली, फळ्यावर बरोबर शब्द लिहिला आणि निबंध पुन्हा लिहायला लावला. हरणा सोडून एकोणचाळीस मुलं होती. त्यांपैकी सतरा पहिल्याच वाक्यात काकापाशी येऊन थांबली आणि तास संपेपर्यंत तिथेच उभी राहिली. पुढचं त्यांना आठवेना. अकरा मुलांनी धोका नको म्हणून काका आणि घोटा दोघांनाही बरोबर नेलं. सहा जणांनी सरांचं ऐकलंच नाही. उरलेल्या पाच जणांची जत्राच गेली.

"सर," आप्पासो नावाचा मागच्या बाकावरचा मुलगा उभा राहून कळवळून म्हणाला, "काका नवीन हाय. घोटा सवयीचा हाय. घोटाच ऱ्हाऊ द्या."

सरांनी ती रात्र कशी काढली ते शालूबाईंना ठाऊक. सकाळी त्यांनी घोटा परत घेतला. वर्गाने सुटकेचा श्वास टाकला आणि निबंध पहिल्यासारखा खड्या आवाजात म्हटला.

मधल्या सुट्टीत त्यांनी हरणाला बाजूला बोलावलं. "तुला बरोबर ठाव हाय ना? मग तू बरोबरच लिही. पर कुनाला सांगू नगंस."

"व्हय सर."

एवढं सांगून सरांना फार हलकं वाटलं. चाळिसांतल्या एकीला तरी आपण खरं शिकवलं, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्या दिवशी त्यांनी भाकरी दोन घास जास्तच खाल्ली.

मार्चमध्ये मंडळाने निबंधाला विषय दिला : जत्रेला भेट.

त्याच वर्षी निकम सरांची परीक्षक म्हणून नेमणूक झाली. परीक्षकांची बैठक सांगलीत भरली. एका शाळेचं सभागृह, चाळीस परीक्षक, प्रत्येकापुढे पेपरांचे गठ्ठे, आणि समोर मुख्य नियामक दादासो कुंभोजकर. दादासोंची सेवा तीस वर्षांची होती. शेवटची बारा वर्षं त्यांना कुणी काही विचारलेलं नव्हतं. नियमाप्रमाणे आपल्या केंद्राचे पेपर कुणालाच मिळत नाहीत. सरांना सांगलीकडचे मिळाले. त्यांनी पहिला पेपर उघडला. मी माझ्या घोट्याबरोबर जत्रेला गेलो. दुसरा उघडला. घोटा. तिसरा. घोटा. सरांनी घटाघट पाणी प्यायलं.

अर्ध्या तासात सभागृहात कुजबुज सुरू झाली. नमुना म्हणून उघडलेल्या चारशे पेपरांपैकी तीनशे शहाऐंशी उमेदवार घोट्याबरोबर गेले होते, दहा एकटे गेले होते आणि चौघे काकाबरोबर. एका तरुण परीक्षकाने हात वर केला.

"सर, हा शब्द अंकल असायला पाहिजे. कोशात आहे."

दादासोंनी कोश मागवला. दोन्ही शब्द निघाले. दादासोंनी चष्मा काढून पुसला.

"हा कोश कुठे छापलाय?"

"लंडनला, सर."

"आणि जत्रा कुठली?"

तरुण परीक्षकाने वर केलेला हात खाली घेतला.

"आपल्या भागात जत्रेला कुणाबरोबर जातात, हे लंडनच्या माणसाला काय ठाऊक?" दादासो म्हणाले. "वाक्य तपासा. कर्ता आहे, क्रियापद आहे, शब्दयोगी जागेवर आहे. आणि आशयाचं म्हणाल, तर घोटा घरी ठेवून जत्रेला गेलेला माणूस मला दाखवा."

मग दुसऱ्या एका अनुभवी परीक्षकाने व्यवहाराचा मुद्दा मांडला. घोटा चूक धरला, तर दोन्ही जिल्ह्यांचा इंग्रजीचा निकाल अकरा टक्क्यांवर येईल. नापास मुलं पुन्हा त्याच वर्गात बसतील. खालच्या वर्गातली वर येतील. ती बसवायची कशावर? बाकांचा विषय निघाल्यावर सभा एकदम गंभीर झाली. ठरलं असं : घोट्याला पूर्ण गुण. वेगळं काही लिहिलं असल्यास ते अशुद्धलेखन समजून प्रत्येक वेळी अर्धा गुण कमी.

निकम सरांनी मनात हिशेब केला. अकरा वेळा. साडेपाच गुण. कुठल्यातरी गठ्ठ्यात हरणाचा पेपर होता आणि तिने तो शब्द अकराही वेळा बरोबर लिहिला असणार, कारण तसं सांगणारे ते स्वतः होते.

ते उभे राहिले. आपण उभे आहोत हे त्यांना उभं राहिल्यावरच कळलं.

"साहेब, ही चूक माझी आहे," ते म्हणाले. "हा निबंध मी लिहिलाय. सांगलीत टाईप करताना शब्द बदलला, माझ्या लक्षात आलं नाही. जे काका लिहितात तेच बरोबर आहेत. पाहिजे तर माझ्यावर कारवाई करा, पण त्यांचे गुण कापू नका."

सरांना वाटलं, आता आपली नोकरी गेली. आणि आश्चर्य म्हणजे त्यांना त्याचं फार वाईटही वाटलं नाही.

मग कोपऱ्यातून एकजण उठला. "निबंध तुम्ही लिहिलाय? वा! हा निबंध मी लिहिलाय. गेल्या नोव्हेंबरात. वर माझं नाव आहे."

"तुमचं कसं असेल?" तिसरा म्हणाला. "माझ्याकडे प्रत आहे, सहीची."

बघता बघता एकतीस परीक्षक उभे राहिले. सगळ्यांनीच तो निबंध लिहिला होता. दोघांनी तर तो लिहिताना पहाटे डोळ्यांत पाणी आलं होतं असं सांगितलं. एका वडीलधाऱ्या परीक्षकाने निकम सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हटलं, "दुसऱ्याच्या कामाचं श्रेय असं भर सभेत मागू नये हो. तुमचं वय लहान आहे, पुढं नाव होईल तुमचं."

दादासोंनी टेबलावर पेन्सिल आपटली. निबंध कोणा एकाचा नसून तो या भागाच्या शैक्षणिक परंपरेचा आहे, असा निर्णय त्यांनी दिला. मग चहा आला.

जूनमध्ये निकाल लागला. कातळवाडीची चाळीस मुलं बसली होती, छत्तीस पास झाली. संस्थेच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. सुभेदारांनी शाळेपुढे मांडव घातला, सरांना शाल आणि नारळ दिला, आणि भाषणात म्हणाले, "चाळीस फुडं गेले, छत्तीस मागं आले. असा कमांडर आमाला बासष्टला मिळाया पायजे हुता." त्याच आठवड्यात सर कायम झाल्याचं पत्र मिळालं. शालूबाईंनी माती कालवली आणि दोन वैलांची चूल घातली.

चूल वाळत असताना त्यांनी सहज विचारलं, "आन ती पुकळ्याची हरणा? ती न्हवती दिसली मांडवात."

सरांनी यादी बघितली होती. चार नापासांत हरणा होती. इंग्रजीत बत्तीस. पस्तीसला पास. लघुत्तरी प्रश्नांतही तिचे गुण गेले होते, कारण तिने उत्तरं स्वतःच्या वाक्यांत लिहिली होती आणि आदर्श उत्तरपत्रिकेत तशी वाक्यं नव्हती.

सर संध्याकाळी माळावर तिच्या घरी गेले. सिद्धू वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरं घालत होता. हरणा दारात बसली होती; तिने उठून पाणी दिलं आणि सरळ विचारलं.

"सर, माझं काय चुकलं?"

येताना रस्ताभर सरांनी तीन उत्तरं तयार केली होती. एकही कामाला आलं नाही. "तुझं काय बी चुकलं न्हाई," ते म्हणाले. "म्हणूनच नापास झालीस." आणि त्यांनी तिला सांगलीच्या बैठकीची सगळी हकिगत सांगितली, ते उभे राहिले तेही आणि त्याचं काय झालं तेही.

सिद्धू ऐकत होता. "निम्मा मलाबी पाठ हाय त्यो," तो म्हणाला. "मेंढरं शाळंमागंच असत्यात. पर मास्तर, त्यात त्ये अँकल अँकल करत्यात, त्ये काय आसतंय?"

सरांनी घोटा दाखवला.

सिद्धूने विचार केला. "मंग बरुबरच हाय की. घोट्याबिगर जत्रंला कोन जातंय?"

हरणाला हसू आलं. सरांना आलं नाही. नंतर थोडं आलं.

"आक्टोबरला बसते," ती म्हणाली. "पर सर, मला खोटं लिवायचं न्हाई. आन नापासबी व्हायचं न्हाई."

या दोन गोष्टी एका पेपरात बसवण्याची पद्धत निकम सरांच्या शास्त्रात नव्हती. ते तिला सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलंच नव्हतं. जाताना त्यांनी कपाटाची किल्ली तिच्या हातात दिली आणि कोश घरी न्यायला सांगितलं. तिने तो पावसाळाभर माळावर वाचला.

ऑक्टोबरात वडूजच्या केंद्राबाहेर सर तीन तास लिंबाखाली उभे होते. या खेपेला विषय आला होता : इस्पितळाला भेट. बाकीची पुनर्परीक्षार्थी मुलं खुशीत बाहेर पडली. त्यांनी जत्रेच्या जागी इस्पितळ घातलं होतं. (इस्पितळात त्यांचा मिलिटरीतला घोटा गर्दीत हरवला आणि पोलिसाने शोधून दिला.) हरणा सगळ्यांत शेवटी आली.

"काय लिवलंस?" सरांनी दबक्या आवाजात विचारलं.

"घोटा."

सरांचा चेहरा पडला. "बरं केलंस," ते म्हणाले.

"अकरा येळा," हरणा म्हणाली. "मेंढरामागं पळताना माजा घोटा मुरगळला. घोटा लय सुजला. घोटा टेकवंना. मग मला खांद्यावर टाकून इस्पितळात नेलं. डाक्टरनं घोटा बघितला, घोट्याला पट्टी बांधली. आता घोटा बरा हाय. समदं बरुबर हाय सर, कोशात बघून घ्या."

सर तिच्याकडे बघतच राहिले. "आन खांद्यावर कुनी टाकलं? काकानं? काका लिवलंस?"

"माझ्या बापाचा भाऊ, असं लिवलं. चार शब्द जास्ती गेले, पर गुण तर कापत न्हाईत."

एस.टी.ची वाट बघत दोघं उभे राहिले. थोड्या वेळाने सरांनी तिच्या पायाकडे बघितलं. "खरंच मुरगळला हुता व्हय? कवा?"

"न्हाई सर," हरणा म्हणाली. "पेपरापुरता."

तिला इंग्रजीत बासष्ट पडले. केंद्रात पहिली. ती साताऱ्याला डी.एड.ला गेली आणि यथावकाश मास्तरीण झाली. निकम सर कातळवाडीतच निवृत्त झाले. तो निबंध त्यांनी पुढच्याच वर्षी बंद केला. पण दोन जिल्ह्यांतले एकतीस लेखक मागे हटले नाहीत, आणि आमच्या माहितीप्रमाणे तो पुढे सात वर्षं चालला. त्या निबंधावर पास झालेले लोक पुढे तलाठी झाले, बँकेत लागले, काहीजण कचेऱ्यांत साहेबाच्या खुर्चीपर्यंत पोचले. त्यांचं कुणाचंही काही अडलेलं नाही.

हे वाचून वाचकांना हसू आलं असेल तर आमची हरकत नाही. न समजणारं वाक्य अकरा वेळा लिहिणाऱ्या खेड्यातल्या पोरांना हसू नये, असा नियम नाही. फक्त हसून झाल्यावर आपण गेल्या महिन्यात ऑफिसात दिलेल्या रजेच्या अर्जाची प्रत काढून बघावी. पहिल्या ओळीत 'आय बेग टु स्टेट' असं असेल. ते तुम्हाला शाळेत पाठ करून घेतलं होतं, आणि त्यानंतर आजवर तुम्ही ते किती वेळा लिहिलंत हे तुम्हालाच माहीत. त्यातल्या 'बेग' या शब्दाचा अर्थ भीक मागणे असा आहे. साहेबांनी त्याखाली जी सही केली, तिचा अर्थ अर्थातच भीक घातली असा होतो.

रजा हक्काची होती.